छत्तीसची दुरुस्ती

दुरुस्तीकाकांच्या नजरेतून चूक सुटत नाही, असं जगाचं मत होतं. जग म्हणजे स्वतः काका. बाकीच्यांना, म्हणजे त्यात काकूही आल्या, या विषयावर मत द्यायची संधी कधी मिळालीच नव्हती.

चौतीस वर्षं काका छापखान्यात मुद्रितशोधक होते. छापायला जाणारा मजकूर वाचायचा, चूक दिसली की लाल पेनानं खोडायची आणि बाजूला बरोबर काय ते लिहायचं, हा त्यांचा धंदा. पुढे काका निवृत्त झाले, पण त्यांचा डोळा काही निवृत्त झाला नाही. औषधाच्या बाटल्या, लग्नपत्रिका, इमारतीतल्या नोटिशी, सगळं त्यांच्या पेनाखालून जायचं. एकदा कुणीतरी पाटी लावली होती, 'लिफ्ट उद्या सूरू होईल'. काकांनी तासाभरात 'सूरू'चं 'सुरू' करून टाकलं. लिफ्ट तीन आठवडे बंद होती, पण शुद्ध मराठीत बंद होती. तेव्हापासून सगळे त्यांना दुरुस्तीकाका म्हणू लागले.

आता गोम अशी, की या दुरुस्ती शब्दाला दोन घरं आहेत. एका घरात ऱ्हस्वदीर्घ सुधारतात, दुसऱ्या घरात पंखे आणि मिक्सर. तळमजल्यावर पंधरा दिवसांपूर्वी राहायला आलेल्या टपालवालीला हे दुसरं घर तेवढं माहीत होतं.

रविवारी दुपारी चार वाजता तिनं काकांची बेल वाजवली. कडेवर मूल घ्यावं तशी सायकलची बॅटरी घेतली होती आणि दुसऱ्या हातात चष्म्याच्या डबीएवढा कोरा करकरीत चार्जर.

"दुरुस्तीकाका आपणच ना?"

"आपणच," काका म्हणाले.

"खाली इस्त्रीवाल्यांनी सांगितलं. म्हणाले, काकांनी एकदा हात लावला की चूक शिल्लक राहत नाही."

इथं काकांनी सांगायला हवं होतं की बाई, मी शब्दांची दुरुस्ती करतो, तारांची नाही. एका वाक्याचं काम होतं. पण इस्त्रीवाल्यासारखा कडू माणूस आपल्यामागे असं बोलतो म्हटल्यावर काका आतून इतके फुलले, की ते वाक्य बाहेर यायला जागाच उरली नाही. त्यांनी फक्त विचारलं, "काय झालंय?"

टपालवाली घडाघडा बोलू लागली. ऑफिसनं तिला टपाल वाटायला बॅटरीवरची तीनचाकी सायकल दिली होती. शुक्रवारी तिचा चार्जर जळाला आणि कालच्या फेरीत बॅटरी संपत आली. काल ऑफिसच्या गोदामातून हा नवा आला. आता हा याच बॅटरीचा आहे की भलत्याच, हे कुणी जाणत्या माणसानं बघून सांगितल्याशिवाय तिला लावायचा नव्हता. "लिथियमची बॅटरी आहे काका. चुकीचा चार्जर लावला तर पेटते, असं ट्रेनिंगमध्ये दहा वेळा बजावलंय. आणि उद्या मला काहीही झालं तरी आठच्या आत पोचायचंय."

"का गं, उद्या काय?" काकूंनी आतून विचारलं.

"या महिन्यात माझे दोन लेट मार्क झालेत काकू. अजून कायम केलेलं नाही मला. महिन्यात तिसरा झाला की नोकरी गेली." तिनं बॅटरी दुसऱ्या कडेवर घेतली. "या नोकरीच्या भरवशावर आईला इकडं घेऊन आलेय मी. महिना संपायला चार दिवस राहिलेत."

काकूंना पोरीची दया आली. काकांनाही आली, पण त्यांचा डोळा तोवर कामाला लागला होता. त्यांनी चष्मा कपाळावरून नाकावर घेतला. बॅटरीच्या लेबलवर छापलं होतं छत्तीस व्होल्ट. चार्जरच्या लेबलवर छापलं होतं बेचाळीस व्होल्ट.

"चूक," काका म्हणाले.

"काय?"

"हे बघ. इथं छत्तीस आणि इथं बेचाळीस. एकाच जोडीत दोन आकडे! आमच्या छापखान्यात असं सुटलं असतं तर मालकानं उभं केलं असतं. यांचा तर आपसात छत्तीसचा आकडा आहे."

या कोटीवर काका स्वतःच मनसोक्त हसले. टपालवालीला हसू आलं नाही. तिचा चेहरा पडला होता. "म्हणजे मी हा लावला असता तर पेटली असती?"

"मी आहे ना," काका म्हणाले. हे त्यांचं ठरलेलं वाक्य होतं आणि ते ऐकलं की काकू हातातलं काम बाजूला ठेवायच्या. "तू बॅटरी ठेव आणि निर्धास्त जा. दोन तासांनी ये."

ती गेली. काकांनी सवयीनं लाल पेन काढलं, चार्जरवरचं बेचाळीस खोडलं आणि बाजूला सुबक अक्षरात छत्तीस लिहिलं. मग त्यांच्या लक्षात आलं, की कागदावर दुरुस्ती केली की काम संपतं, चार्जरवर केली तर तो पूर्वीसारखाच राहतो. तेव्हा कंपनीलाच धडा शिकवायला हवा होता. त्यांनी कंपनीला दीड पानाचं पत्र लिहिलं, चार्जरसकट जाड पाकिटात घातलं आणि कोपऱ्यावरच्या टपालपेटीत टाकायला गेले. पाकीट फटीतून जाईना. काकांनी छत्रीच्या टोकानं ढोसून ढोसून ते आत घातलं आणि शीळ घालत परत आले.

"अहो, पण आता तिच्या बॅटरीला काय लावणार?" काकूंनी विचारलं.

"छत्तीसला छत्तीस. तारांचं खोकं काढ."

प्रत्येक घरात असतं तसं एक खोकं त्यांच्याकडेही होतं. मेलेल्या यंत्रांच्या जिवंत राहिलेल्या तारा त्यात एकमेकींच्या गळ्यात गळे घालून पडलेल्या असायच्या. काकूंनी ते समोर आणून आदळलं. "चाळीस वर्षांत तुम्ही एक बल्ब बदललात. तोही काढलात तो चांगला होता, उडालेला शेजारचा होता."

"अगं, हे वाचायचं काम आहे. वाचणाऱ्याचं."

अर्ध्या तासानं काकांना घबाड मिळालं. कधीकाळच्या प्रिंटरचा काळा चार्जर. लेबल घासून गेलं होतं, पण एका कोपऱ्यात आकडा स्वच्छ होता, छत्तीस. त्याच्यापुढे इंग्रजी अक्षर होतं डब्ल्यू.

"व्ही असायला हवा ना?" काकू खांद्यावरून डोकावल्या. "बॅटरीवर व्ही आहे."

काकांनी जवळ धरून बघितलं, लांब धरून बघितलं आणि त्यांचा चेहरा उजळला. "डब्ल्यू म्हणजे तरी काय? दोन व्ही. छापताना व्ही दोनदा पडलाय. नेहमीचा मुद्रणदोष." त्यांनी त्यातला एक व्ही खोडला.

वाचकहो, डब्ल्यू म्हणजे वॅट. तो चार्जर बारा व्होल्टचा होता, आणि ते ज्या जागी छापलं होतं ती जागा नेमकी घासलेली होती. पण ज्यानं हजारो पानांतली अक्षरं खोडली त्याला एक अक्षर खोडायला कसली भीती?

पिन बॅटरीत घातली तर काय, खट्कन बसली. काकांना भरून आलं. "बघ, कशी बसली! पिन बसली म्हणजे निसर्गाचीच संमती म्हणायची." तेवढ्यात चार्जरवरचा हिरवा दिवा लागलासुद्धा.

"हिरवा म्हणजे?" काकूंनी विचारलं.

"हिरवा म्हणजे सगळं ठीक."

काकू वाळलेले कपडे काढायला गॅलरीत गेल्या आणि पाच मिनिटांनी ढीग घेऊन परत आल्या. काका खुर्चीत बसून त्या हिरव्या दिव्याकडे नातवाकडे बघावं तसे बघत होते. काकू थांबल्या. "अहो, तुमच्या हातात काय आहे?"

काकांनी हातात बघितलं. हातात चार्जरचा प्लग होता. भिंतीत घालायचा तो राहूनच गेला होता.

"मग हा दिवा कशावर लागलाय?" काकू म्हणाल्या.

दोघांनी दिव्याकडे बघितलं, प्लगकडे बघितलं, मग बॅटरीकडे. काकांच्या डोक्यात हळूहळू उजेड पडू लागला, आणि तो मुळीच हवाहवासा नव्हता. "म्हणजे बॅटरीच चार्जरला चार्ज करतेय?"

त्यावर चार्जरनंच उत्तर दिलं. फट्ट असा आवाज झाला, झाकण उडालं आणि खोलीत असा वास सुटला की जणू जुनी चप्पल तळायला घेतलीय. काकूंनी कपड्यांचा ढीग खाली टाकून आधी बॅटरीतली पिन उपसली. काका मात्र तोवर जिन्यात पोचले होते आणि "आग, आग" करत खाली चालले होते. जिन्यात नोटीस होती, 'आग लागल्यास घाबरून आरडाओरडा करू नये'. तिच्यातल्या 'घाबरून'चा उकार काकांनीच दुरुस्त केला होता. वाचली मात्र नव्हती.

पाच मिनिटांत सगळी इमारत खाली. कुणी मांजर घेऊन आलं, कुणी अर्ध्या दाढीवर साबण घेऊन. टपालवाली ओल्या केसांनी धावत आली आणि उलट्या दिशेनं तीन मजले चढून वर गेली, कारण वर तिची बॅटरी होती. काका तिच्यामागून धापा टाकत पोचले तेव्हा काकू शांतपणे खिडक्या उघडत होत्या, काळा चार्जर मोरीत पाण्यात पडला होता आणि बॅटरी दूर, मोकळ्या फरशीवर ठेवली होती.

टपालवालीनं सायकलवर ज्यांचा नंबर होता त्या बॅटरीवाल्या बाईंना फोन लावला. त्यांचं सायकलींच्या बॅटऱ्यांचं दुकान होतं आणि रविवारी फोन उचलला हेच त्यांचे उपकार होते. फोन स्पीकरवर होता.

"बॅटरी गरम आहे? फुगलीय? वास येतोय?"

टपालवालीनं हात लावून बघितला. "नाही, नाही आणि नाही. वास खोलीलाच आहे."

"लावलं काय होतं तिला?"

काकांनी पुढे होऊन घसा साफ केला. "मूळचा चार्जर चुकीचा होता. बॅटरी छत्तीस आणि त्याच्यावर बेचाळीस. म्हणून मी छत्तीसचा..."

"कोण बोलतंय?"

"मी दुरुस्तीकाका."

"अहो दुरुस्तीकाका, बेचाळीसच बरोबर आहे." बाई लहान मुलाला पाढे शिकवावेत तशा बोलू लागल्या. "छत्तीस हे तिचं रोजचं नाव. आत दहा सेल आहेत. एकेक सेल पूर्ण भरला की चार पूर्णांक दोन व्होल्ट होतो. दहा सेलचे किती?"

"बेचाळीस," काकू मागून म्हणाल्या.

"त्या कोण? त्यांना कळतं. छत्तीसच्या लिथियम बॅटरीला बेचाळीसचा, लिथियमचाच चार्जर लागतो, आणि अँपिअर बॅटरीवर लिहिलेत त्याच्या वर जायचे नाहीत. पिन काय, कुणाचीही कुणात बसते. तुमचं नशीब की तुम्ही कमी व्होल्टचा लावलात, म्हणून चार्जरच मेला. त्याच पिनेचा चोपन्नवाला हाती लागला असता तर आज इमारत राहिली नसती. आता उद्या साडेनऊला दुकानात आणा. मी तपासल्याशिवाय तिला काहीही लावायचं नाही, अगदी बरोबरचा चार्जरसुद्धा नाही." आणि फोन बंद झाला.

"उद्या साडेनऊला," टपालवाली स्वतःशीच म्हणाली. मग तिनं विचारलं, "माझा चार्जर कुठाय काका? निदान तो तरी द्या."

काका फरशीकडे बघत म्हणाले, "टपालात."

"कुठं?"

"पेटीत. कंपनीला पाठवला. दुरुस्तीसाठी." मग त्यांना एकदम आशेचा किरण दिसला. "पण तुमचीच पेटी ना ती! तूच काढ की."

"मला हात लावता येत नाही काका. पेटीत पडलं की ते टपाल झालं. मग ते तुमचंही नाही आणि माझंही नाही." ती हे अगदी साधेपणानं म्हणाली. स्वतःची नोकरी टांगणीला असताना म्हणाली, आणि काकांना आयुष्यात पहिल्यांदा स्वतःची इतकी लाज वाटली, की बोलून टाकल्याशिवाय राहवेना.

"पोरी, मी दुरुस्ती करतो ती शुद्धलेखनाची. वेलांट्या, उकार, अनुस्वार. तू आलीस तेव्हाच सांगायचं होतं. सांगितलं नाही. चुकलं माझं."

टपालवालीनं मोरीतल्या चार्जरकडे बघितलं. "म्हणजे लाइटचं वगैरे काहीच..."

"बल्बसुद्धा नाही," काकू म्हणाल्या.

बराच खल झाला. पहिली बस पावणेनऊला पोचायची. टॅक्सीत तीनचाकी मावत नव्हती, आणि सायकलीशिवाय नुसतं माणूस गेलं तर ऑफिसात हजेरी धरत नव्हते. बॅटरी मेली की ती सायकल म्हणजे अडून बसलेली म्हैस. मारूनमुटकून पायडलवर चालायची, पण ऑफिसच्या आधी दीड मैलाचा चढ होता आणि तो एकटीच्यानं होणारा नव्हता.

"मी येतो ढकलायला," काका म्हणाले.

काकूंनी त्यांच्या गुडघ्यांकडे बघितलं. वाताचं मलम काढून त्यांच्या हातावर ठेवलं.

पहाटे साडेपाचला दोघं निघाले. सपाटीवर ती पायडल मारायची आणि काका मागच्या पेटीत बसायचे, म्हणजे तिचं ओझं कमी व्हायच्या ऐवजी वाढायचं. हे तीन मैलांनंतर दोघांच्याही लक्षात आलं आणि काका उतरले. चढ लागला तेव्हा सहा पन्नास झाले होते. ती पुढून ओढत होती, हे मागून रेटत होते.

"काका, दम लागला तर थांबू या."

"थांबायचं नाही. किती वाजले?"

"सात दहा."

पुढच्या वळणावर काकांनी परत विचारलं. तिनं सात बारा सांगितलं. काका दर दोन मिनिटांनी विचारत राहिले, तीही न चिडता सांगत राहिली. अर्ध्या चढावर काकांच्या डाव्या गुडघ्यानं संप पुकारला, तेव्हा त्यांनी पाठ लावून उलटं चालत सायकल ढकलली. एक दूधवाला थांबून बघत राहिला. "बॅटरीची सायकल आहे ना ती?" त्यानं विचारलं. "मग माणूस का लावलाय?"

"बॅटरीला चुकीचा चार्जर लावला होता," काका म्हणाले. "तो चार्जर म्हणजे मीच."

टपाल कचेरीच्या दारात सायकल लागली तेव्हा भिंतीवरच्या घड्याळात सात छप्पन झाले होते. टपालवाली धावत आत गेली आणि टेबलावरच्या मस्टरवर आपल्या नावापुढे सही केली. सही करून मागे वळली तेव्हा तिचे डोळे भरले होते. "झालं काका," ती म्हणाली आणि पाणी आणायला गेली.

काका टेबलापाशी टेकून उभे होते. डोळ्यांसमोर काजवे, पायांत पेटके, पण मन तृप्त. आपल्या हातून पोरीचं वाईट झालं नाही, या समाधानात त्यांनी सहज खाली नजर टाकली. मस्टरच्या, महिनाभराच्या हजेरीच्या त्या पानावर वर मोठ्या अक्षरात छापलं होतं, 'उपस्थीती पत्रक'.

थीला दीर्घ.

काकांनी मान वळवली. खिडकीबाहेर बघितलं. एक ते दहा आकडे मोजले. पण शेजारी दोरीला बांधलेलं पेन लोंबत होतं, आणि चौतीस वर्षांची सवय पेटक्यांना ऐकत नाही. त्यांनी ती दीर्घ वेलांटी खोडली, वर ऱ्हस्व काढली आणि समासात नीट खूण केली.

"हे कुणी केलं?"

मागे पोस्टमास्तरीणबाई उभ्या होत्या. इस्त्रीची साडी, गळ्यात दोरीला चष्मा. त्या आवाजानं पत्रं वेगळी करणाऱ्या तिघांचे हात जागच्या जागी थांबले. टपालवाली पाण्याचा पेला घेऊन दारात आली होती, तिथंच उभी राहिली.

"मी," काका म्हणाले. "थि ऱ्हस्व असते."

"असेल. पण मस्टर हे सरकारी कागदपत्र आहे. त्यावर खाडाखोड झाली की पान रद्द. ते कुणी केलं, का केलं, हे विचारायचं नाही. नियम आहे."

"रद्द म्हणजे? तिची आताची सही?"

"पान रद्द म्हणजे त्यावरच्या सगळ्या सह्या रद्द."

काका पुढे झाले. "बाई, चूक माझी आहे. तिची काही नाही हो. ती सात छप्पनला आलीय, मी साक्षीदार आहे. सहा मैल ढकलत आणलीय सायकल. मला काय शिक्षा करायची ती करा, दिवसभर इथं कोंबडा करून उभं करा, पण पोरीला लेट मार्क लावू नका. तिसरा आहे तो."

पोस्टमास्तरीणबाईंनी चष्मा चढवला. पान वरून खाली वाचलं, मग परत वरून खाली. त्यांनी भिंतीकडे बघितलं. सात एकोणसाठ झाले होते. त्यांनी खणातून कोरं पान काढून टेबलावर ठेवलं आणि टपालवालीला बोटानं बोलावलं. "एक मिनिट आहे. इथं सही कर."

तिनं सही केली. "आणि आधीचे दोन?"

"कोणते दोन?"

"लेट मार्क."

"ते कुठल्या पानावर होते?"

टपालवालीनं रद्द पानाकडे बोट दाखवलं.

"रद्द पानावर काहीही नसतं," पोस्टमास्तरीणबाई म्हणाल्या, पानावर तिरकी रेघ मारली आणि आपल्या खोलीत निघून गेल्या. जाताना त्यांचा ओठ किंचित हलला, पण ते हसू होतं असं कुणी शपथेवर सांगू शकणार नाही.

काकांना समजायला जरा वेळ लागला. पत्रं वेगळी करणाऱ्या तिघांना नाही लागला. त्यातला सगळ्यात जुना, पांढऱ्या मिशांचा, हळूच उठला, कपाटामागे गेला आणि फडक्यानं धूळ झटकत एक मस्टर घेऊन आला. बाकीचे दोघं त्याच्यामागे आणखी जुनी मस्टरं घेऊन उभे राहिले.

"काका," तो खालच्या आवाजात म्हणाला, "मागच्या महिन्याचं पान आहे. माझे पाच लेट मार्क आहेत. एखादी चूक आहे का, जरा बघता?"

काकांनी चष्मा नाकावर घेतला, पान वरपासून खालपर्यंत डोळ्यांत तेल घालून वाचलं आणि खिन्नपणे मान हलवली. "एकही नाही. हे पान अगदी शुद्ध छापलंय."

टपालवालीनं पाण्याचा पेला त्यांच्या हातात दिला आणि प्रेमानं म्हणाली, "मग आधी एक चूक करा ना काका. ते तर तुम्हाला छान जमतं."